कांप सखारामचा तिसरा इशारा

पापड भाजताना आपण तो आचेवरून सरकवत नेतो. आच जागची हलत नाही, पापड हलतो, आणि जिथे जिथे आच लागली तिथे तिथे फोड उठत जातात. हिंदी महासागराचं नेमकं हेच झालेलं आहे. वेधशाळेत येणाऱ्या प्रत्येक शाळेच्या सहलीला मी हे सांगायचो, आणि प्रत्येक सहलीत एखादं कार्टं विचारायचंच, "मग पापड कुठाय?" शिक्षिका ओशाळायच्या, मी खूश व्हायचो. पापडावरच तर आपण उभे आहोत, असं म्हटलं की सगळी पोरं पायाखाली बघायची.

मी प्रफुल्ल उमाळकर, मूळचा वर्ध्याचा, मॉरिशसच्या वेधशाळेत यंत्रं सांभाळायला गेलेला. यंत्रांशी माझं जमतं, माणसांशी बेताचं. त्यामुळे ही हकिगत दुसऱ्या कुणी सांगितली असती तर मला बरं वाटलं असतं. पण ज्या बापलेकीनं ती सांगायला हवी, ती दोघं एकमेकांशी बोलत नाहीत आणि माझ्याशीही या विषयावर बोलत नाहीत.

आधी आचेचं सांगतो. पृथ्वीच्या पोटात, कवचाच्या खाली, प्रावरण असतं. त्यातून तापलेल्या खडकाचा एक खांब वर येत असतो आणि तो जवळजवळ एकाच जागी राहतो. वरचं कवच मात्र नखं वाढतात त्या वेगानं सरकत असतं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या आचेवर आपला दख्खन होता. तेव्हा जे काही ओतलं गेलं, त्याचा आपला काळा सह्याद्री झाला. मग कवच उत्तरेकडे सरकलं आणि मागे फोडांची रांग उठत गेली. लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मग मॉरिशस, आणि सध्या आचेवर बसलेलं शेजारचं रियुनियन. आचेपासून दूर गेलेलं बेट निवतं, जड होतं आणि खचत जातं. मालदीवचे डोंगर कधीच बुडाले, आता वर दिसतं ते नुसतं प्रवाळ.

मॉरिशस आचेवरून उतरून लाखो वर्षं झाली. पण गॅस बंद केला म्हणून तवा लगेच निवत नाही. बेटाखालच्या खडकात अर्धवट वितळलेले खिसे राहून जातात आणि त्यातला एखादा फार उशिरा वर यायला निघतो. मॉरिशसवर असं शेवटचं घडलं त्याला हजारो वर्षं झाली. लोकांच्या हिशेबी तो ज्वालामुखी मेलेला. आमच्या शास्त्रात मात्र हे कालपरवाचं समजतात.

हे खिसे ऐकता यावेत म्हणून 'कान' उभा राहिला. समुद्रतळावरून देशोदेशी गेलेल्या इंटरनेटच्या काचेच्या तारांमध्ये लेसरचा झोत सोडायचा. जमीन केसभर ताणली गेली तरी परत येणारा उजेड बदलतो, म्हणजे तारेचा प्रत्येक मीटर हा एक भूकंपमापक झाला. असे लाखो मापक एकदम ऐकून संगणक खालच्या वितळलेल्या रसाचं चित्र काढायचा, पोटाची सोनोग्राफी करावी तसं. रस कुठे आहे, कुठे निघालाय, हे माणसाला पहिल्यांदाच आधी दिसू लागलं. तो वाटेत थिजणार की बाहेर येणार, एवढं मात्र कानाला सांगता येत नव्हतं. घोडं अडलं ते तिथे.

कानाची प्रमुख हेमांगी शेलार. पाटण तालुक्यातली, कोयनाकाठची. तिचे वडील आनंदा शेलार, सगळ्यांचे तात्या, कोयनेच्या वीजघरात नोकरी करून निवृत्त झालेले. हेमांगीची आई एका सकाळी छातीत दुखतंय म्हणाली. तात्या म्हणाले, पित्त आसंल, लिंबू पी आन् पड जरा. ते पाळीवर गेले आणि परत आले तेव्हा घरापुढे माणसं जमली होती. त्यानंतर हेमांगी त्यांना इकडे घेऊन आली.

तिचा फ्लॅट पठारावरच्या क्यूरपीपमध्ये, वेधशाळेच्या जवळच. बारा महिने धुकं आणि बोलायला चार भिंती. म्हातारा तिथे आठवडाभर टिकला. मग कुणीतरी त्यांना पश्चिम किनाऱ्यावरच्या कांप सखारामला फिरायला नेलं. कांप म्हणजे मळ्यावरच्या मजुरांची जुनी वस्ती. दोनशे वर्षांपूर्वी रत्नागिरीकडून उसाच्या कामावर आणलेल्या माणसांची ही पिढी. तेव्हाच्या कारकुनांनी पूर्वजांच्या पाळण्यातल्या नावांचीच आडनावं करून टाकली, म्हणून तिथे कुणी सखाराम आडनावाचा, कुणी भिवाजी आडनावाचा. गणपती आला की तिथे झाकरी, म्हणजे आपली कोकणातली जाखडी, नाचतात आणि आरत्या अशा म्हणतात की कोकणातला माणूस मान डोलावेल. तात्या तिथे रमले ते रमलेच. सतीश भिवाजीच्या घरामागच्या खोलीत त्यांनी मुक्काम ठोकला. लेकीला भेटायला ते रविवारी यायचे आणि संध्याकाळच्या बसची घाई करायचे.

कांप सखारामची जमीन दोन वर्षांपासून थरथरत होती. पहिल्या पहिल्यांदा लोक अंथरुणातून उठून रस्त्यावर धावायचे. तात्यांनी त्यांची भीती घालवली.

"भांडी वाजली म्हंजी पळायचं न्हाय," ते ओट्यावर बसून शिकवायचे. "फळीवरनं भांडं खाली आलं तर उठायचं. आमच्याकडं लेकरं भूकंपात घोरत पडत्यात."

लोक हसायचे, निवांत व्हायचे. कोयनेचे तात्या म्हणून म्हाताऱ्याचा भाव वधारला. मलाही तेव्हा त्याचं कौतुक वाटायचं. भेदरलेल्या माणसाला धीर देणं यात वाईट ते काय?

कानानं पहिला इशारा दिला तेव्हा सगळा कांप पूर्वेकडच्या एका शाळेत जाऊन राहिला. रस वाटेतच थिजला. लोक परत आले तर बकऱ्या चोरीला गेलेल्या आणि ऊस वाळलेला. दुसरा इशारा गणपती बसले त्याच दिवशी आला. सतीशच्या घरी कांपाचा सार्वजनिक गणपती असायचा, पाच दिवसांचा. तो त्यांनी त्याच संध्याकाळी, आरती अर्धवट टाकून, घाईघाईनं समुद्रात बुडवला. याही वेळी काही झालं नाही. पुढे दोन महिन्यांत सतीशचे वडील वारले. त्या घाईच्या विसर्जनामुळेच गेले, असं त्याच्या आईनं, गौराबाईंनी, मनाशी धरलं. तिला कोण समजावणार? त्या दुसऱ्या फजितीनंतर इशारा ऐकायचा की नाही हे लोकांवर सोडायचं, कुणाला सक्तीनं उचलायचं नाही, असंही आपत्ती कार्यालयात ठरून गेलं.

तिसरा इशारा पुढच्या गणपतीत आला, बाप्पा बसल्याच्या दुसऱ्या दिवशी. हवेत गंधकाचा वास सुटला होता. बहुतेक कांप बसमध्ये बसला. गौराबाईंना दमा, त्यांना खोकल्याची उबळ आवरेना, तरी त्या हलायला तयार नव्हत्या. बाप्पा घरात असताना दाराला कुलूप लागायचं नाही, समई विझायची नाही, पाच दिवसांआधी मूर्ती जागची हलायची नाही. शेवटी सतीशनं तिला शब्द दिला, "आये, तू जा. मी इथेच र्‍हातो. समईकडे मी बघतो." तेव्हा कुठे ती बसमध्ये चढली. सतीश राहिला म्हणून त्याची बायको प्रेमा राहिली, त्यांच्या दोन मुली राहिल्या, झाकरीची पोरं राहिली. तात्यांना धरून घरात बारा माणसं. तात्या नसते तर त्यातली निम्मी तरी निघाली असती, हे मला बसच्या ड्रायव्हरनं नंतर सांगितलं. पाय उंबऱ्याबाहेर पडायचे आणि म्हाताऱ्याकडे बघून परत आत जायचे.

त्याच सकाळी, बस गेल्यावर, एक मोठा धक्का बसला आणि मागोमाग लहान लहान येत राहिले. हेमांगीनं फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला, कारण तिच्या हातांना पडद्यावर काम होतं.

"तात्या, सगळ्यांना घेऊन निघा. आत्ता."

"आगं, सकाळी मोठा झाला न्हवं? आता बारकं बारकं येत्यात. मगाशी लागोपाठ येत हुतं, आता दोनच्या मधी च्या पिऊन व्हतोय. म्हंजी जमीन बसाय लागली. माझा जनम गेला ह्यात."

"ते कोयनेत, तात्या. तिथे खडकातली भेग सरकते आणि मोकळी होते, मग धक्के कमी होतात. इथे रस वर येतोय. वाटेतला खडक फोडतो म्हणून धक्के बसतात. फोडून झालं, वाट मोकळी झाली, की धक्के थांबणारच. इथे धक्के थांबणं चांगलं नाही."

"आन् मागल्या दोन वक्ताला? तवाबी थांबलं हुतं. आला का तुझा रस?"

म्हाताऱ्याचं खोटं नव्हतं. रस थिजला तरी धक्के थांबतात आणि वाट मोकळी झाली तरी थांबतात. वरच्या माणसाला दोन्ही शांतता सारख्याच.

"या वेळी तो फार वर आलाय," ती म्हणाली. "आणि किनाऱ्याकडे वळलाय. बाहेर पडण्याची शक्यता दहात सहा आहे."

"म्हंजी धात चार येळा न्हाय," तात्या म्हणाले. त्यांच्या आवाजात चेष्टा होती, लेकीला चिडवताना असायची तशी. "दुपारची आरती हाय. जेवलीस का तू?"

मग सतीश फोनवर आला. "ताई, तुम्ही काळजी करता ते बरोबर. पण बाप्पाला एकटं कसं सोडायचं? आईला शब्द दिलाय. आणि तात्या बसलेत ना आमच्यासोबत."

तिनं त्याला कळवळून सांगितलं. पोरींना तरी पाठव म्हणाली. तो शेवटी म्हणाला, "तात्या उठले की आम्ही उठू."

दुपारी पडद्यावरची धक्क्यांची रेघ सपाट होत गेली. मी नोकरीत इतकी सपाट रेघ पाहिली नव्हती. शेजारच्या चित्रात रस मात्र थिजला नव्हता. लाल जीभ गुपचूप वर सरकत होती, कुणाच्याही भांड्याला धक्का न लावता. हेमांगीनं आपत्ती कार्यालयाला कळवलं. त्यांनी पुन्हा भोंगा वाजवतो म्हटलं. भोंगा सकाळपासून वाजतच होता.

ती खुर्चीत बसली. तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता. मला वाटलं पाणी मागेल. तिनं फोन उचलला, या वेळी स्पीकरवर न ठेवता, पण मी शेजारीच होतो आणि म्हाताऱ्याला मोठ्यानं बोलायची सवय.

"तात्या," ती म्हणाली, "छातीत दुखतंय. आईसारखं."

पलीकडे झांजा वाजत होत्या. त्या थांबल्या. मग तात्यांचा आवाज आला, पण तो माझ्या ओळखीचा नव्हता.

"आडवी हो. हलू नगं. आलो."

फोन त्यांच्या हातातच राहिला असावा. सतीश म्हणत होता, थांबा, मी गाडी चालवतो. आणि तात्या म्हणत होते, "तू ऱ्हा. बाप्पापाशी घरचं माणूस पायजे. किल्ली दे. भिऊ नगा, जमीन बसलीया. मी आलोच माघारी."

हे सगळं हेमांगीनं ऐकलं. तिचे ओठ हलले. मग तिनं फोन ठेवला.

"आणि बाकीचे?" मी विचारलं.

"ते माझं ऐकत नाहीत," ती म्हणाली. एवढंच.

सतीशची जुनी मालवाहू गाडी पठाराचा घाट चढत असताना कांप सखारामच्या मागच्या टेकडीत भेग पडली. नुसता लाव्हा आला असता तर माणसं चालत निघून गेली असती. लाव्हा सावकाश येतो, त्याच्यापुढून म्हातारीसुद्धा वाट काढते. पण किनाऱ्यालगतची जमीन समुद्राच्या पाण्यानं भरलेली होती आणि रस त्या पाण्यात शिरला. पाण्याची एका झटक्यात वाफ झाली. प्रेशर कुकरची शिट्टी अडकली तर स्वयंपाकघराचं काय होतं ते घराघरांत माहीत आहे. इथे कुकर डोंगराएवढा होता. आमचा कॅमेरा समोरच्या टेकाडावर होता. त्यात आधी राखेची एक भिंत आडवी धावताना दिसली, मग काहीच दिसेना. पुन्हा दिसू लागलं तेव्हा तिथे घरं नव्हती. रस्ता कुठून जात होता तेही मला ओळखता आलं नाही.

तात्या वेधशाळेच्या फाटकात उतरले ते अनवाणी. कपाळावर गुलाल होता आणि मुठीत औषधाच्या गोळ्यांची पट्टी, वाटेत थांबून घेतलेली. पाठीमागे झालेला आवाज त्यांनी ऐकला असणारच, सगळ्या बेटानं ऐकला होता. पण ते धावत आले ते पुढे बघत. हेमांगी फाटकाशी उभी होती.

"उभी का ऱ्हायलीस? खाली बस. ही गोळी जिभंखाली धर."

"मला काही झालेलं नाही, तात्या."

ते मागे वळले. पश्चिमेला करडा खांब आभाळाला टेकला होता आणि वर जाऊन पसरत होता.

"खोटं बोललीस," ते म्हणाले.

"हो."

"मग सगळ्यास्नी बोलायचं हुतंस. समुद्र चढतोय म्हनायचं. बाप्पाला डोस्क्यावर घेतलं असतं आन् पळाली असती समदी. मी सोता पोरी उचलून पळालो असतो. खोटंच बोलायचं हुतं तर माझ्या एकट्यासंगट का बोललीस?"

हेमांगी रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. "मला तुमच्याशिवाय काही दिसलंच नाही," ती म्हणाली.

"मी त्यास्नी बसवून आलो," तात्या म्हणाले. "घरचं माणूस पायजे म्हणालो."

ती पुढे झाली तसे ते मागे सरले. गोळ्यांची पट्टी त्यांनी फाटकाच्या खांबावर ठेवली आणि मला म्हणाले, "मला गौराबाईकडं न्या."

मी नेलं. माझ्या मनात हेमांगीचाही राग होता, म्हाताऱ्याचाही होता, आणि सगळ्यात जास्त त्या चित्राचा होता, जे बघून कुणाचंच काही भलं झालं नव्हतं. दुसऱ्या इशाऱ्याला रस थिजला त्या दिवशी आम्ही वेधशाळेत मिठाई वाटली होती.

पूर्वेकडच्या त्याच शाळेच्या व्हरांड्यात कांपातल्या बायका गौराबाईंना धरून बसल्या होत्या. मुलगा, सून, दोन नाती, सगळं एका दुपारी. मला वाटलं, आता ही म्हातारी उठेल आणि यांच्या तोंडात मारेल. तात्याही बहुधा त्याच तयारीनं आले होते. ते तिच्यासमोर जाऊन खाली बसले, मान पुढे करून.

गौराबाईंनी त्यांचा हात धरला. "सतीशनं फोन केला होता," त्या म्हणाल्या. "म्हणाला, आये, तात्यांची लेक आजारी, ते वर गेले. बाप्पानंच काढलं तुम्हांला. लेकीसाठी काढलं." त्यांना धाप लागली. जरा थांबून त्यांनी विचारलं, "वाचली ना हो तुमची लेक?"

सगळ्या बायका तात्यांकडे बघत होत्या. मी दाराशी होतो. एका शब्दाचं उत्तर होतं आणि ते मला ठाऊक होतं.

"न्हाय," तात्या म्हणाले. "ग्येली."

गौराबाईंनी हंबरडा फोडला. स्वतःच्या मुलासाठी त्या तोवर रडल्या नव्हत्या म्हणे. त्यांनी म्हाताऱ्याचं डोकं जवळ घेतलं आणि तोही रडू लागला, मोठ्यानं, लहान पोरासारखा. ते रडणं खोटं नव्हतं. मी बाहेर जाऊन गाडीत बसलो.

हेमांगीला मी एवढंच सांगितलं की तात्या शाळेत राहणार म्हणतात. तिनं त्यांचे कपडे पाठवले, चष्मा पाठवला, डबे पाठवले. डबे तसेच परत यायचे. दहाव्या दिवशी पूर्वेच्या किनाऱ्यावर कांपानं एकत्र विधी ठेवला, कारण देह कुणाचेच मिळाले नव्हते. हेमांगी म्हणाली, मी येते, लांबूनच बघेन. मी नको म्हटलं. कारण विचारलं तर ते मला सांगता येईना, म्हणून न्यावं लागलं.

रस्त्याकडेला सुरूच्या झाडांखाली गाडी उभी केली. खाली वाळूवर केळीची पानं मांडली होती. पुरोहित एकेक नाव विचारत होता, घरचं माणूस पुढे होऊन सांगत होतं आणि पानावर पिंड ठेवला जात होता. वाऱ्यामुळे इकडे काही ऐकू येत नव्हतं. शेवटी तात्या उठले. क्षौर केलेलं, अंगावर पंचा. ते पुढे झाले, पुरोहिताशी काही बोलले आणि वाकले. गौराबाईंनी त्यांना दंडाला धरून उठवलं.

हेमांगी काचेला डोकं टेकवून बघत होती. तिला मोजायची सवय, आयुष्य त्यातच गेलेलं.

"उमाळकर," ती म्हणाली, "घरात अकरा जण होते ना? तिथे बारा पिंड आहेत. तात्यांनी कुणाचा ठेवला?"

मी गाडी सुरू केली.